अकरा बाय अठराचं अंगण, पडलेला गुलमोहर: आता कुठलं झाड लावू?

ओसरी | १८ मे, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवा आहे.

मागच्या मंगळवारी वळवाचा पाऊस झाला, त्यात आमच्या अंगणातला गुलमोहर पडला. बावीस वर्षांचा होता. पुण्यात हे घर बांधलं त्याच पावसाळ्यात सासऱ्यांनी लावलेला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास वारा सुटला आणि पाच मिनिटांत अख्खं झाड मुळांसकट उलथून कुंपणाच्या भिंतीवर आडवं झालं. कुणाला लागलं नाही हे नशीब. सासरे आता नाहीत. सासूबाई रोज सकाळचा चहा त्या झाडाखाली घ्यायच्या. आता साडेसातनंतर तिथे ऊन सोसवत नाही.

याच पावसाळ्यात नवं झाड लावायचंय. अंगण अकरा फूट रुंद, अठरा फूट लांब. फाटक पूर्वेला. उजव्या कोपऱ्यात जमिनीखाली पाण्याची टाकी, डाव्या भिंतीलगत ड्रेनेजचं चेंबर. फाटकावरून विजेची वायर घरात येते. ऊन सकाळपासून साधारण बारापर्यंत, मग घराची सावली.

घरात तीन मतं आहेत. सासूबाईंना पारिजातक हवाय, नवऱ्याला बहावा आणि मला तामण. तिन्ही बसतील का? नसतील तर कुठलं लावू?

रानवाट | १८ मे, रात्री १०:२५

वाचून वाईट वाटलं. घरातल्या माणसाच्या हातचं झाड होतं, चुटपुट लागणारच.

ताई, तिन्ही नाही बसणार. माझ्या मते दोनही नकोत, एकच लावा. अकरा फूट रुंदीत झाड बरोबर मधोमध लावलंत तरी दोन्ही बाजूंना साडेपाच फूटच उरतात. बहावा चांगला वाढला की तीस-चाळीस फूट उंच जातो आणि तेवढाच ऐसपैस पसरतो. तामणही तसंच. ते आपलं राज्यफूल आहे आणि उन्हाळ्यात जांभळं झालेलं तामण बघून पाय निघत नाही हे मान्य, पण ते मूळचं कोकणातल्या ओढ्याकाठचं झाड. पाणी भरपूर मागतं. शिवाय तुमच्याकडे फाटकावर वायर आहे. वायरीखालचं झाड दरवर्षी मधूनच छाटलं जातं आणि मग एकीकडे कलतं.

नर्सरीत सगळीच रोपं चार फुटांची दिसतात, तिथेच फसायला होतं. मी प्रत्येक वेळी एक गोष्ट करते. जिथे झाड लावायचं तिथे खुंटी ठोकायची, तिला दोरी बांधायची आणि झाडाचा पंधरा-वीस वर्षांनंतरचा घेर रांगोळीने जमिनीवर काढायचा. ती रेघ टाकीवर, चेंबरवर किंवा शेजारच्यांच्या हद्दीत गेली की ते झाड आपल्या अंगणाचं नाही. बहाव्याचा घेर काढून बघा, तुमचे यजमान स्वतःच विचार बदलतील.

सातारी_माळी | १९ मे, सकाळी ७:०५

रानवाटताईंना अनुमोदन. आमच्या साताऱ्यात १ मेला गुलमोहर दिन साजरा होतो, त्यामुळे या झाडावर माझा फार जीव. पण तो मोकळ्या माळावर, रुंद रस्त्याच्या कडेला शोभतो. मूळचा मादागास्करचा. लाकूड ठिसूळ, मुळं उथळ. घराजवळ, भिंतीला खेटून लावला की कधीतरी हे होतंच. पुन्हा गुलमोहर नको, पीतमोहर नको, आणि तो लाल पिचकारीचा स्पॅथोडियाही नको. त्याच्या फांद्या तर साध्या वाऱ्याने मोडतात.

चौथा_मजला | १९ मे, सकाळी ९:३०

सावली लवकर हवी असेल तर कोनोकार्पस लावा. आमच्या सोसायटीत दोन वर्षांत भिंतभर हिरवळ झाली. खर्च कमी, देखभाल शून्य.

रानवाट | १९ मे, सकाळी १०:१०

कृपया नको. कोनोकार्पसची मुळं पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या पाइपांत शिरतात, आणि यांचं चेंबर तर भिंतीलगतच आहे. गुजरातमध्ये वन विभागाने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्या झाडाला ना धड फूल, ना पक्ष्यांना काही खायला.

मातीत_हात | १९ मे, दुपारी २:५०

सगळे झाडाबद्दल बोलताहेत, मातीबद्दल कुणीच नाही.

ओसरीताई, पडलेल्या गुलमोहराची मुळं कशी होती ते आठवतंय का? खाली खोल गेलेली, की ताटासारखी आडवी पसरलेली?

ओसरी | १९ मे, दुपारी ४:१५

फोटो काढले होते, आत्ता पुन्हा बघितले. अगदी ताटासारखी. सात-आठ फूट रुंद चकती आणि जाडी जेमतेम फूटभर. खालून सपाट, जणू कुणी कापून काढल्यासारखी. त्या वेळी मनात आलं नव्हतं.

मातीत_हात | १९ मे, दुपारी ४:४०

गुलमोहराची मुळं उथळ असतात, पण खालून सपाट नसतात. खाली काहीतरी आहे. रोप आणायच्या आधी खणून बघा. जिथे झाड लावायचं तिथे निदान दोन फूट खोल. मग खड्डा पाण्याने भरा आणि जिरू द्या. पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळचं पाणी किती वेळात जिरतं ते घड्याळ लावून बघा. चार-पाच तासांत गेलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी असेल तर त्या जागी कुठलंही फुलझाड जगवणं कठीण.

पहाटदव | १९ मे, रात्री ८:२०

बहाव्यावरून एक सांगावंसं वाटतं. मी सात वर्षं वाट बघितली आणि माझ्या ‘बहाव्या’ला गुलाबी फुलं आली. नर्सरीने कॅसिया जावानिका दिला होता. झाड देखणं आहे, पण मी ते मागितलं नव्हतं. पिवळाच पण उभ्या तुऱ्यांचा कासोदही बहावा म्हणून गळ्यात मारतात.

रोप लहान असतानाही ओळखता येतं. खऱ्या बहाव्याची पर्णिका, म्हणजे देठावरचं एकेक पान, मोठी, तळहाताएवढी असते आणि एका देठावर चार ते आठ जोड्या. पर्णिका बारीक आणि जोड्या दहा-बारा दिसल्या तर तो बहावा नाही. फुलेपर्यंत थांबायची गरजच नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

वेंगुर्ल्याकडचा | १९ मे, रात्री ९:५५

सोनचाफ्याचं नाव कुणी घेतलं नाही याचं नवल वाटलं! बियांपासून केलेला चाफा फुलायला आठ-दहा वर्षं घेतो, पण कलम लावलंत तर वर्ष-दोन वर्षांत फुलं. छाटून दहा-बारा फुटांवर सहज राखता येतं. कलमाच्या जोडाखालून फुटणारे धुमारे तेवढे काढत राहायचे, नाहीतर खालचंच झाड वाढतं आणि कलम मरतं. आमच्या घरामागे चार आहेत, पावसाळ्यात फुलं परडीत मावत नाहीत.

मातीत_हात | १९ मे, रात्री १०:३०

दादा, तुमच्या तांबड्या आंबट मातीत तो सुखी आहे. पुण्यात बऱ्याच ठिकाणी मातीत चुनखडी असते. तिथे सोनचाफ्याची पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. अनंताचंही तेच होतं. लोक पाणी वाढवतात, खत घालतात, पण चुन्यामुळे मातीतलं लोह झाडाला घेताच येत नाही. काळ्या मातीत पाणी साचलं तर चाफ्याची मुळं कुजतात ते वेगळंच. कुंडीत लाल माती घालून चाफा ठेवावा, जमिनीत लावायचा तर माती बघूनच.

अंगणवाटा | २० मे, सकाळी ८:४५

माझं मत कांचनाला. लहान अंगणासाठी या कुळाइतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. ज्याला आपण नुसतं कांचन म्हणतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळून फुलतो. देवकांचन दिवाळीच्या आगेमागे, पानांसकट. हे दोघे वीस-पंचवीस फूट जातात, म्हणजे तुमच्याकडे छाटत राहावे लागतील. पण पांढरा कांचन आठ-दहा फुटांतच राहतो, आणि पिवळा कांचन दहा-बारा. पिवळ्याची फुलं घंटेसारखी खाली बघतात, आत एका पाकळीवर गडद डाग असतो. हे दोन्ही तुमच्या वायरीखालीसुद्धा चालतील. सावली मात्र चहाच्या खुर्चीपुरतीच मिळेल.

सीताअशोकाचा मोह होईल, पण मी लावून बघितला आहे. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये त्याच्या पानांची टोकं करपतात. त्याला ओल आणि मोठ्या झाडांची संगत लागते. देवचाफा मात्र कमी पाण्यात छान येतो, फक्त हिवाळ्यात निष्पर्ण होतो आणि पावसाळ्यात पानांखाली तांबेरा धरतो.

जर्सीतली_मावशी | २० मे, सकाळी ९:३०

कांचनाचा विषय निघाला म्हणून. इथे न्यू जर्सीत आमच्या घरासमोर रेडबड आहे. एप्रिलमध्ये पानं यायच्या आधी काळ्या फांद्यांना थेट गुलाबी फुलं चिकटतात. तो आपल्या कांचनाच्या आणि आपट्याच्याच नात्यातला आहे हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. पान हृदयाच्या आकाराचं असतं, आपट्यासारखं दुभंगलेलं नसतं. दसऱ्याला आम्ही त्याचीच पानं वाटतो, तेव्हा ती पिवळी व्हायला लागलेली असतात.

सातारी_माळी | २० मे, सकाळी ११:००

एक महत्त्वाचं राहिलं. शहरात झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी ते मनात आलं म्हणून तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. कायदा योग्यच आहे. म्हणून ‘आत्ता लावू, मोठं झालं की बघू’ असं करू नका.

ओसरी | २ जून, रात्री १०:०५

उशिरा लिहितेय, कारण सांगण्यासारखं बरंच घडलं.

रांगोळीचा प्रयोग केला. बहाव्याचा घेर अर्धा शेजाऱ्यांच्या गच्चीवर आणि अर्धा आमच्या दिवाणखान्यात गेला. नवऱ्याने काही न बोलता दोरी गुंडाळून ठेवली. पारिजातकाचा घेर छाटणी धरून आठ फुटांचा काढला, तो टाकी आणि चेंबर दोन्ही टाळून बसतो. म्हणून पारिजातक ठरला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी त्या रांगोळीच्या वर्तुळात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

मग खणायला माणूस बोलावला. वरची फूटभर माती सहज निघाली, चांगली भुसभुशीत. त्याखाली पहार ठण्णकन वाजली. आधी वाटलं कातळ. घमेल्याने माती बाजूला केली तर खाली सिमेंट. घर बांधताना ठेकेदाराच्या माणसांनी अंगणात माल कालवला होता, उरलेला तिथेच थापून टाकला आणि वरून फूटभर माती ओढून अंगण तयार करून दिलं. चार इंच जाडीचा थर, सहा बाय सात फूट. त्याच्या कडेला विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, पिशवीसकट घट्ट झालेलं सिमेंट.

गुलमोहराची मुळं त्या थरावर दाबून, वळून, एकमेकांत गुंतून गेल्याच्या खुणा अजून आहेत. सिमेंटवर मुळांची नक्षी उमटली आहे. बावीस वर्षं ते झाड एका फुटाच्या मातीवर उभं होतं. सासरे दर उन्हाळ्यात म्हणायचे, याला कितीही पाणी घाला, दुपारी मान टाकतोच. आम्ही मात्र इतके दिवस गुलमोहरालाच बोल लावत होतो.

पाण्याची परीक्षाही घेतली. सकाळी आठला भरलेला खड्डा संध्याकाळी सहाला चार बोटं उतरला होता.

आता पुढे काय करू?

मातीत_हात | २ जून, रात्री १०:४०

शंका होतीच, पण अख्खा थर असेल असं वाटलं नव्हतं. तुम्ही आधी खणलंत हे फार चांगलं केलंत. नाहीतर पारिजातकही दहा वर्षांनी असाच गेला असता.

ब्रेकरवाला बोलवा आणि थर फोडून काढा, पूर्ण निघत नसेल तर निदान पाच बाय पाच फूट. सगळा राडारोडा अंगणाबाहेर गेला पाहिजे, पुन्हा खड्ड्यात टाकू देऊ नका. खालचा मुरूम पहारीने हलवून घ्या. मग पुन्हा पाणी भरा.

सातारी_माळी | ३ जून, सकाळी ६:५०

खड्डा तीन बाय तीन बाय तीन. भरताना निम्मी माती आणि निम्मं कुजलेलं शेणखत, दोन किलो निंबोळी पेंड. खड्डा उन्हात आठ दिवस तापू द्यावा. माझ्या वडिलांपासून ही पद्धत आहे.

मातीत_हात | ३ जून, सकाळी ८:१५

काका, निंबोळी पेंड आणि उन्हात तापवणं याला पूर्ण सहमत. शेणखताच्या निम्म्या प्रमाणाबद्दल मात्र वेगळं सांगतो. शेणखत कुजत राहतं आणि एका पावसाळ्यात खड्डा अर्धा फूट खाली बसतो. रोपही त्याबरोबर खाली जातं, खोडाभोवती पाणी साचतं, बुंधा सडतो. दुसरं म्हणजे खड्ड्यात सगळं सुख मिळालं की मुळं बाहेरच्या मुरमात जायला बघत नाहीत, कुंडीतल्यासारखी आतच फिरतात. मी तीन भाग माती आणि एक भाग शेणखत घेतो, उरलेलं खत वरून आळ्यात घालतो. खड्ड्याच्या भिंती फावड्याने गुळगुळीत झालेल्या असतात, त्या कुदळीने खरवडून घ्यायच्या. आणि खोलीपेक्षा रुंदी जास्त ठेवायची.

सातारी_माळी | ३ जून, सकाळी ९:००

खड्डा बसतो हे खरं आहे. आम्ही म्हणून रोप चार बोटं उंचावर लावतो. पण तुम्ही मुळांचं जे सांगितलंत ते पटलं. यंदा दोन आवळे लावायचेत, एक तुमच्या पद्धतीने लावून बघतो.

अंगणवाटा | ३ जून, सकाळी १०:३०

ओसरीताई, रोप निवडताना सगळ्यात उंच रोप घेऊ नका. चार फुटांचं, जाडसर खोडाचं घ्या. पारिजातकाची कोवळी फांदी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागते. पानाच्या वरच्या बाजूवरून बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखं खरखरीत. आणि पिशवीच्या तळाशी बघा. भोकांतून जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरलेली असतील तर ते रोप नको, उपटताना ती तुटलेली असतात.

ओसरी | ६ जुलै, सायंकाळी ७:३०

लावलं!

ब्रेकरने दोन दिवस लागले. नऊ घमेली नाही, नऊ गोणी राडारोडा निघाला. त्यानंतर भरलेलं पाणी तीन तासांत जिरलं. मी घड्याळ घेऊन बसले होते.

दोन चांगले पाऊस होऊ दिले आणि काल सकाळी रोप लावलं. पिशवी ब्लेडने उभी कापली. मातीचा गोळा बाहेर आला तर मुळं कडेने दोन वेढे घेऊन गोल फिरलेली. मातीत_हात यांनी मला निरोपातून सांगितलं होतं म्हणून धीर करून ती बाजूने तीन ठिकाणी उभी कापली आणि बोटांनी सोडवून बाहेर वळवली. खोडाचा खालचा जाडसर भाग, जिथून मुळं सुरू होतात, तो मातीच्या पातळीच्या दोन बोटं वर ठेवला. माती पायाने तुडवली नाही, पाणी घालून बसू दिली. दोन बाजूंना दोन बांबू आणि जुन्या सुती साडीची पट्टी आठाच्या आकड्यासारखी सैल बांधली, म्हणजे वाऱ्याने खोड थोडं हलेल आणि जाड होईल. भोवती पालापाचोळा, पण बुंध्यापासून वीतभर लांब.

शेवटची मूठभर माती सासूबाईंनी घातली. नवऱ्यासाठी फाटकाजवळ वायरीखाली पिवळा कांचन मोठ्या कुंडीत लावलाय. त्याला पिवळं काहीतरी हवंच होतं.

रानवाट | ६ जुलै, रात्री ८:१०

फार छान वाटलं वाचून! पावसाळ्यात आळं एका बाजूने फोडून ठेवा, पाणी साचायला नको. खरी काळजी पुढचे दोन उन्हाळे. रोज तांब्याभर पाणी घालू नका, त्याने मुळं वरवरच राहतात. चार दिवसांतून एकदा वीस लिटर, सावकाश. आणि आळं दर सहा महिन्यांनी वीतभर बाहेर सरकवत न्या, मुळं पाण्यामागून जातील.

ओसरी | ३० ऑगस्ट, सकाळी ७:२०

घाईघाईत विचारते. पानं कुरतडलेली दिसताहेत, दोन फांद्या जवळजवळ उघड्या झाल्यात. पानांखाली जाड हिरवी अळी आहे, शेपटाला काटा. फवारणी करू का?

पहाटदव | ३० ऑगस्ट, सकाळी ७:४५

नको. ती मोठ्या पतंगाची अळी आहे, काटा टोचत नाही. दोन-चारच असतील तर हाताने उचलून दुसरीकडे ठेवा. पारिजातक पुन्हा पालवतो. फवारलंत तर फुलांवर येणारे पतंगही जातील.

ओसरी | १४ सप्टेंबर, पुढच्या वर्षीचं. सकाळी ६:५०

धागा वर काढतेय.

उन्हाळा पार पडला. एप्रिलमध्ये निम्मी पानं गळली तेव्हा पोटात गोळा आला होता, पण जूनमध्ये टोकाटोकाला फुटवे आले. बांबू गेल्या महिन्यात काढले. झाड आता माझ्या डोक्याच्या वर हातभर आहे.

पारिजातकाची जमिनीवर पडलेली फुलं देवाला चालतात, म्हणून सासूबाईंनी खाली चिखल लागू नये यासाठी जुनी सुती साडी अंथरायला सुरुवात केली आहे. काल रात्रीच अंथरून ठेवली होती. आज पहाटे टॉर्च घेऊन गेल्या आणि मला हाक मारली. सतरा फुलं होती. त्यांनी तीनदा मोजली. सोळा देवाला वाहिली आणि एक सासऱ्यांच्या फोटोपुढे ठेवलं.

आता छाटणीचं विचारायचंय. बहर संपल्यावर जानेवारीत करू की फेब्रुवारीत?